गरवं लिनक्स

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर आईवडिलांचं नाव घ्यायची रीत आहे. पण आईवडिलांचे उपकार वेगळे काढून दाखवायचे कसे, ते मला कळत नाही. परक्या माणसांत मात्र मी पहिलं नाव घेतो ते मंचरच्या काटेवाल्या शेठचं.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नाही. त्यांच्या वडिलांचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. कांदा-बटाट्याच्या बाजारात कुणाचा काटा बिघडला की तो त्यांच्याकडे यायचा. पुढे काटे इलेक्ट्रॉनिक झाले, शेठ ते खोलायला शिकले आणि तिथून कधीतरी जुने लॅपटॉप खोलायला लागले. दुकानावरची पाटी शेवटपर्यंत काट्यांचीच राहिली. आत भिंतीच्या फळ्यांवर लॅपटॉप पोथ्यांसारखे उभे लावलेले असायचे. गल्ल्याशेजारी बिलाचं मशीन, म्हणजे हिशोबाचा कॉम्प्युटर होता आणि त्याच्यावर कशिद्याचा रुमाल. त्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

मी जुन्नरच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होतो. आमचं घर डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भातखाचरांच्या गावात. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. जुना लॅपटॉप घ्यायचा ठरलं तेव्हा वर्गातल्या मुलांनी सांगितलं, मंचरला काटेवाल्याकडे माल चांगला असतो, पण माणूस चक्रम आहे.

तो चक्रमपणा मला पाचच मिनिटांत दिसला. मी एका लॅपटॉपकडे बोट दाखवलं. शेठनी तो खाली घेतला, बॅटरीसकट काट्यावर ठेवला आणि आकडा बघून वहीत पाहिलं.

"बरोबर भरलं," ते म्हणाले.

मला काही कळेना. "वजन कशाला करता शेठ?"

"राव, जुनं मशीन दहा हातांतून येतं. ह्या मॉडेलचं वजन ठरलेलं आहे. कमी भरलं म्हणजे आतून कुणीतरी काहीतरी काढलंय. माणूस सांगत नाय, काटा सांगतो."

तोवर लॅपटॉप म्हणजे काहीतरी उच्च विद्या, असं मी धरून चाललो होतो. ती बटाट्यासारखी तोलली जाताना बघून मी अवाकच झालो.

मग प्रश्न सुरू झाले. गावात लाईट किती वेळ असते? घरात नेट येतं का, की डोंगरावर चढावं लागतं? मशीन मांडीवर ठेवणार की टेबलावर? शिकवणारे सर काय शिकवतात? आणे गावच्या पठारावरचा एक गृहस्थ माझ्याआधी आला होता, मुलीसाठी मशीन बघायला. त्याने सांगितलं, मुलगी बारावीत आहे आणि तिला फक्त व्हिडिओ बघायचेत. शेठनी त्याला परत पाठवला. "पावणं, मोबाईलवर बघू द्या. मशीन लागंल तवा लागंल." तो माणूस पैसे खिशात घेऊन उभा होता आणि दुकानदार त्याला माल नको म्हणत होता. असा धंदा मी आजवर दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी म्हणालो, "शेठ, विंडोज टाकून द्या."

"विकत घेणार?"

"विकत? सगळेजण तसंच टाकून देतात की."

शेठनी मान हलवली. "दिलेलं नाही ते घ्यायचं नाही."

हे वाक्य मी पुढे त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं. त्यांच्या जैन धर्मात हे व्रतच आहे, असं त्यांनी एकदा सांगितलं. कुणाच्या खिशात हात घालणं ही तर चोरी आहेच, पण मालकाने हातात न दिलेली वस्तू उचलणं हीसुद्धा चोरीच. विंडोज करणाऱ्यांनी ते फुकट दिलेलं नाही; लिनक्स हेही तसंच मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, ते करणाऱ्यांनी मात्र फुकट दिलेलं आहे. म्हणून त्यांच्या दुकानातून एक तर विकत घेतलेलं विंडोज जायचं, नाहीतर लिनक्स.

लिनक्स म्हणजे एकच काही नसतं, हेही मला तिथेच कळलं. डेबियन, उबुंटू, मिंट अशी किती तरी, आणि प्रत्येकाच्या पुन्हा नव्याजुन्या आवृत्त्या. मी मोबाईलवर वाचून सगळ्यात नव्या आवृत्तीचं नाव पाठ करून गेलो होतो. ते मी ऐटीत सांगितलं.

"तुमच्याकडं भात हाय ना? हळवं का गरवं?"

"दोन्ही लावतो. हळवं लवकर येतं, गरवं उशिरा."

"आणि इकडं कांदा. हळवा कांदा बराखीत साठवणीला भरला तर काय व्हतं?"

"नासतो."

"मग हळवं लिनक्स तुझ्या मशिनात कशाला भरू? ते नऊ महिन्यांत संपतं. मग कंपनीचा माणूस म्हणतो, आता नवीन टाका. तुझ्या डोंगरात नेट नाय. गरवं घे, पाच वर्सं टिकंल. आणि नव्या जातीचं बी पहिल्या साली आपण पेरायचं नाय. शेजाऱ्याला पेरू द्यायचं."

कांद्यावर इतकं बोलणाऱ्या या माणसाने जन्मात कांदा तोंडात घातलेला नव्हता. बटाटाही नाही. जमिनीखालचं काही ते खायचे नाहीत. अख्खं मंचर ज्यावर जगतं ते न खाता तिथे साठ वर्षं काढलेला माणूस म्हणून बाजारात त्यांची थट्टा चालायची. अडते म्हणायचे, "शेठ, उपाशी मरशाल." शेठ म्हणायचे, "तोलतो की रोज. खायलाच पायजे का?"

निवड झाली तरी त्यांनी त्या दिवशी लिनक्स मशीनमध्ये टाकलं नाही. एका पेनड्राइव्हवर घालून दिलं. "आठ दिवस ह्याच्यावरनं चालव. आवाज येतो का बघ. झाकण पाच वेळा मिट, पाच वेळा उघड, जागं होतंय का बघ. मराठी टाईप कर. कॉलेजचा प्रिंटर लाव. पोरगी बघायला गेल्यावर लगेच अक्षता टाकतात का?" आठ दिवसांनी मी गेलो, एकेक गोष्ट सांगितली, तेव्हा कुठे त्यांनी ते पक्कं बसवलं. बसवताना पडद्यावर पट्टी सरकायला लागली की शेठ समोरच्या टपरीवाल्याला हाक मारायचे. पट्टी भरेपर्यंत चहा. बशीत ओतून, पट्टीवरची नजर न काढता. दिवसाला आठ कप तरी होत असतील. पेनड्राइव्ह मला तसाच ठेवायला दिला. माझ्या मशीनचं नाव, आवृत्ती आणि ती कधी संपते तो महिना त्यांनी वहीत लिहिला.

तो महिना जवळ आला की गिऱ्हाइकाला शेठ पोस्टकार्ड टाकायचे. "आपल्या मशीनचे लिनक्स अमुक महिन्यात संपते. दुकानी येणे." लॅपटॉप विकणारा माणूस साधा बटणांचा फोन वापरतो आणि पोस्टकार्डं लिहितो, याचं पहिल्यांदा मला हसू आलं. आता येत नाही.

मशीन हळू होतं, पण अडलं कधी नाही. तिसऱ्या वर्षापर्यंत मी त्याच्यावरच शिकलो. आणि मग तो दिवस आला.

एका कंपनीची परीक्षा होती. आमच्या वर्गातल्या सगळ्यांनी फॉर्म भरले होते. घरून द्यायची परीक्षा, पण तिचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं. हे मला आदल्या दिवशी दुपारी कळलं. मी जुन्नरहून थेट मंचर गाठलं.

शेठ म्हणाले, "विकत घे, आत्ता बसवतो."

"उद्या सकाळी परीक्षा आहे शेठ. आत्ता एवढे पैसे कुठनं आणू?"

"मग दोस्ताचं मशीन मागून घे. मागून घेतलं ते दिलेलं असतं."

"दोस्तांचीपण उद्याच आहे."

दुकानात बटाट्याचा एक व्यापारी बसला होता. तो म्हणाला, "अवो शेठ, टाका की. पोराचा जन्माचा प्रश्न हाय. कोण बघतंय?"

"काटा कुणी बघतंय म्हणून बरोबर ठेवायचा असतो का?" शेठ त्याच्याकडे न बघता म्हणाले. बोलता बोलता त्यांची नजर एकदा गल्ल्याशेजारच्या रुमालाखालच्या मशीनवर गेली आणि परत आली. ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

मी चिडलो होतो. "तुमचं पुण्य तुम्हाला लखलाभ. नोकरी माझी जाईल," असं म्हणून मी बाहेर पडलो. शेठशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. 

जुन्नरला पोचलो. मित्राच्या खोलीजवळच्या एका दुकानात चोरीचं विंडोज अर्ध्या तासात टाकून मिळालं. लिनक्स पुसलं गेलं. सकाळी मित्राच्या खोलीवर बसून मी परीक्षा दिली. मशीन नीट चाललं, नेट नीट चाललं. गणितं मात्र मला आली नाहीत. वेळ संपला आणि मी नापास झालो. यात दुसऱ्या कुणाचा काही संबंध नव्हता.

घरी गेलो. आई चुलीपुढे होती. तिने विचारलं, "झालं का रं नोकरीचं?"

मी म्हणालो, "शेठनं विंडोज टाकून दिलं नाही."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पुढचं आईने स्वतःच जुळवलं आणि मी ते जुळवू दिलं. कॉलेजची पायरी चढलेला घरातला पहिला मुलगा आपल्या डोक्याने नापास झाला, हे मला तिच्यासमोर म्हणता आलं नाही. गावात महिनाभर तेच झालं. मंचरच्या शेठने पोराची नोकरी घालवली.

पुढे आई दवाखान्याच्या कामाने मंचरला गेली आणि संध्याकाळी घरी आली ती तावातावानेच. "गेले व्हते त्याच्या दुकानात. म्हणलं, लई देवधर्म करता शेठ, पन माझ्या पोराच्या तोंडचा घास काढला तुमी."

मी विचारलं, "मग ते काय म्हणाले?"

"काय म्हनतोय? खाली बघत बसला."

मी तेव्हाही तिला खरं सांगितलं नाही.

भाद्रपदात एक दिवस दुपारी मी पडवीत बसलो होतो. खालच्या थांब्यावरून एक म्हातारा माणूस छत्रीची काठी करून चढण चढत येताना दिसला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, पायाला चिखल. अंगणात येईपर्यंत मी ओळखलं नाही. दुकानाबाहेर शेठना मी कधी पाहिलंच नव्हतं.

आई दारात येऊन थबकली. तिला वाटलं, भांडायला आले.

शेठ म्हणाले, "ताई, पाणी उकळून मिळंल का? काल संवत्सरी झाली, पर्युषणाचा शेवटचा दिवस. आठ दिवसांचे उपवास व्हते, अजून सोडले नाय. उकळलेलंच चालतं."

आई निमूट आत गेली. तिने पाणी उकळून, गार करून आणलं. तोवर शेठ पडवीच्या कडेला बसून होते. पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला, उभे राहिले आणि माझ्यापुढे हात जोडून वाकले.

"मिच्छामि दुक्कडम्," ते म्हणाले. "माझ्या हातनं वाईट झालं. ते वाया जावो. मला माफ कर."

वर्षातून एकदा जैन लोक सगळ्यांची अशी क्षमा मागतात, हे मी ऐकून होतो. पण ते आपापसात, भेटेल त्याची, किंवा फोनवरून. साठी ओलांडलेला शेठ मंचरहून दोन एसट्या बदलून, रिकाम्या पोटी, आमच्या डोंगरात येऊन माझ्यापुढे वाकतो, हे मला बघवेना. आमच्या घरापुढे आजवर कुणी असे हात जोडले नव्हते. जोडायचे ते आम्हीच.

आई घाबरली. "अवो शेठ, हात खाली करा. आमी लहान मानसं. तुमी विंडोज दिलं न्हाई ते तुमच्या धर्माला धरून व्हतं, मी उगंच बोलले."

"त्याची माफी मागायला आलो नाय, ताई. ते मी उद्यापण देणार नाय." शेठ माझ्याकडे वळले. "बिलाच्या मशीनवर विंडोज हाय. हिशोबाच्या सॉफ्टवेअरला लागतं, म्हणून विकत घेतलेलं. दोन तास तुला त्याच्यावर बसवलं असतं तर परीक्षा झाली असती. मला त्या दिवशी ते आठवलं व्हतं. तू समोर उभा असताना आठवलं. बोललो नाय."

"का?" मी विचारलं.

"वाटलं, दिलं तर तू म्हणशील, शेठचं लिनक्स कच्चं. शेवटी विंडोजच लागलं. जिंकायचं व्हतं मला. धर्माच्या नावावर मी माझा हेका चालवला आणि तुझी नोकरी गेली."

ते थांबले. मला काय म्हणायचं होतं ते स्पष्ट होतं. परीक्षा मी दिली शेठ. तुमच्यामुळे काही गेलं नाही. दोन वाक्यं. पण आई शेजारी उभी होती. मी जमिनीकडे बघत राहिलो.

"भाऊ, माफ केलं हे तुझ्या तोंडनं यायला पायजे," शेठ हळूच म्हणाले.



त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग छत्री उचलली. "घाई नाय. सवडीनं सांग." आणि ते उतरणीला लागले. आई म्हणाली, "केवढा मोठा मानूस. आन् तुझ्या तोंडाला कुलूप लागलं व्हय रं?"

त्यानंतर मी त्यांच्या दुकानात गेलो नाही. चोरीचं विंडोज महिन्याभरात कोलमडलं. बॅगेच्या तळाशी शेठचा पेनड्राइव्ह सापडला, तोच, आठ दिवसांच्या बोलीवर दिलेला. मी स्वतः ते गरवं लिनक्स पुन्हा बसवलं. पट्टी सरकत होती तेव्हा मला त्यांची बशी आठवली. पुढे पुण्यात एका कंपनीच्या मुलाखतीत मला विचारलं, मशीन सुरूच होत नसेल तर काय कराल? मी डोंगरातल्या घरात, नेट नसताना, एका पेनड्राइव्हवर काय काय केलं ते सांगितलं. त्या कंपनीची सगळी मोठी मशीनं लिनक्सवर चालतात. मला घेतलं. आज माझी भाकरी त्यावरच आहे.

दोन वर्षं गेली. मागच्या महिन्यात आईने मोबाईलवर एक फोटो पाठवला. पोस्टकार्ड होतं. "आपल्या मशीनचे लिनक्स येत्या एप्रिलात संपते. दुकानी येणे." खाली सही. झालेल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही.

रविवारी मी मंचरला उतरलो. दुकानासमोर रस्त्याच्या अलीकडे उभा राहिलो. आत शेठ एक लॅपटॉप काट्यावर ठेवून वाकून आकडा बघत होते. माझं पाऊल उचललं नाही. मी टपरीवर गेलो आणि उगीच काहीतरी बोलायचं म्हणून टपरीवाल्याला म्हणालो, "शेठना नेत नाही का चहा? पट्टी सरकतेय वाटतं."

"शेठनं चहा सोडला, पावणं. दोन वर्सं झाली. दिवसाला आठ कप न्यायचो मी. म्हणलं, डॉक्टरनं बंद केला का? तर म्हणं, न्हाई, एक उत्तर यायचंय. आलं की घेईन. आता कसलं उत्तर आन् कोन देणार, त्यालाच ठावं."

माझ्या हातात भरलेला ग्लास होता. तो मी तसाच फळीवर ठेवला.   सवडीनं सांग म्हणून गेलेला माणूस इतके दिवस माझी वाट बघत होता, आणि मी त्याच गरव्या लिनक्सवर पगार घेत होतो.

मी रस्ता ओलांडला नाही. पुण्याला परत येऊन त्याच रात्री पत्र लिहिलं आणि सकाळी टाकलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे. ती अशी:

तीर्थस्वरूप शेठ यांस,
साष्टांग नमस्कार.

आपलं कार्ड मिळालं. उत्तराला दोन वर्षं उशीर झाला.

ती परीक्षा मी दिली होती. तुमच्या दुकानातून गेलो तो जुन्नरला चोरीचं विंडोज टाकून घेतलं. परीक्षा नीट पार पडली आणि मी नापास झालो, कारण मला उत्तरं येत नव्हती. तुमच्यामुळे माझं काहीही गेलं नाही. आईला हे मी आत्ताच फोनवर सांगितलं.  ती म्हणाली, त्या माणसाला मी काय काय बोलले. ती येऊन तुमची माफी मागणार आहे, तिला उकळलेलं पाणी देऊ नका, चहा द्या.

बिलाचं मशीन तुम्हाला आठवलं आणि तुम्ही बोलला नाहीत, एवढी चूक तुमची. तुम्ही क्षमा मागितली, मी केली. त्याहून जास्त तुमचं काही नाही. माझी नोकरी घालवल्याचा दोष तुम्ही उचलून नेलात, तो माझ्या खोटेपणाचा होता. मी तो तुम्हाला दिला नव्हता. दिलेलं नाही ते घ्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तो परत करा.

आता माझं मागणं. मिच्छामि दुक्कडम्. उत्तर सवडीने द्या असं म्हणायची माझी लायकी नाही, पण नाही दिलंत तरी मी समजेन.

पत्र पोचलं की समोरच्या टपरीवाल्याला हाक मारा. येत्या रविवारी मी मशीन घेऊन येतो. नवीन काय टाकायचं ते तुम्ही ठरवा, आठ दिवस पेनड्राइव्हवर चालवायची माझी तयारी आहे. त्याआधी मशीन काट्यावर ठेवा. काही कमी भरलं तर सांगा.